चार पंख्यांचे विमान आमच्या ओसरीवर

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात भिशी लागली. त्या पैशांतून पत्र्याच्या जागी स्लॅब झालेल्या मागच्या खोलीला प्लास्टर करायचे, असे सौ.चे आणि आमचे ठरले होते. पण थोरल्याने हट्ट धरला. आयटीआय होऊन वर्ष झाले, काम नाही, दिवसभर घरात बसून पोरगा कोमेजत चाललेला. म्हणाला, "पप्पा, मला ड्रोन जोडायचाय, कॅमेऱ्याचा." आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सौ.नेच पैसे काढून दिले. प्लास्टर पुढच्या भिशीवर ढकलले.

वाचक म्हणतील, विकत आयता का नाही घेतला? एक तर आयता परवडत नाही. दुसरे म्हणजे, ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणि त्यांचे सुटे करून आणलेले संच यांच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. सुट्या भागांना मात्र मोकळीक आहे. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग एकेक करून जमवले. चौकटीचे नाव एफ ४५०. एका मोटरपासून तिच्या तिरप्या समोरच्या मोटरपर्यंत ४५० मिलिमीटर अंतर, म्हणून ते नाव. दोन भुजा लाल, दोन पांढऱ्या, म्हणजे हवेत पुढचे तोंड कुठे ते कळावे.

आम्ही इचलकरंजीत मागावरच्या मोटरी भरतो. तीस वर्षे हाताला तांब्याच्या तारेची सवय. त्यामुळे त्या चार चिमुकल्या मोटरी हातात घेतल्या तेव्हा खरे तर हसूच आले. कारखान्यातली चार पोलची मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फिरते. या मोटरीवर '१००० केव्ही' लिहिलेले. थोरल्याने समजावले की तिला एक व्होल्ट दिला की बिनभाराने मिनिटाला हजार फेरे. बॅटरी ११.१ व्होल्टची. म्हणजे अकरा हजार! मग हसू मावळले.

चार मोटरींतल्या तिरप्या समोरासमोरच्या दोन एका दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट दिशेने. चारही एकीकडेच फिरल्या तर चौकट स्वतःभोवती गरगर फिरेल. जोड्या उलटसुलट असल्या की एकमेकींचा पीळ मारला जातो. तोंड वळवायचे झाले तर एका जोडीचा वेग थोडा वाढवायचा, दुसरीचा कमी करायचा. बस्स. ना सुकाणू, ना शेपूट.

आमची पहिली गंमत इथेच झाली. दोन मोटरी उलट फिरू लागल्या. थोरला स्क्रू खोलून मोटरी बदलायला निघाला. आम्ही म्हटले, "अरे, तीन तारा आहेत ना? कुठल्याही दोन बदल." तीन फेजच्या मोटरीला आयुष्यभर तेच करत आलो. त्याने प्लग काढून दोन तारा फिरवल्या आणि मोटर सरळ झाली! पोरगा आमच्याकडे बघतच राहिला. वर्षभरात त्याने आमच्याकडे असे बघितले नव्हते.

वेगनियंत्रक, रिसीव्हर आणि मधला छोटा संगणकी बोर्ड यांची जोडणी त्याने केली, डाग द्यायला आम्ही बसलो. बोर्डाला 'सपाट म्हणजे काय' हे शिकवावे लागते. ओसरी सपाट आहे अशी आमची समजूत होती. शेजारच्या गवंड्याची लेव्हल लावली तर बुडबुडा एका टोकाला! शेवटी पाटाखाली कागदाच्या घड्या सारल्या.

बॅटरीबद्दल मात्र मायभगिनींनी कान देऊन ऐकावे. ही लिथियम पॉलिमरची असते. मोबाइलसारखी रात्रभर लावून झोपायचे नाही. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचे नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही. पेटली तर पाण्याने सहज विझत नाही. आमच्या घरी ती लोखंडी घमेल्यात वाळूवर ठेवून, माणूस शेजारी बसवूनच चार्ज होते, आणि स्वयंपाकघरात तिला बंदी. तो हुकूम सौ.चा.

मोटरींची चाचणी पंखे न लावता करायची, हेही कागदावर लिहिले होते. थोरल्याने एकदा ऐकले नाही. बोटाला तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना सौ. एक शब्द बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

नदीकाठच्या मळीत पहिले उड्डाण झाले. उड्डाण कसले, हातभर उचलले आणि कुशीवर पडले. दोन पंखे आम्हीच उलटे बसवले होते. पांढरी भुजा मोडली. पुढच्या रविवारी मात्र नारळाच्या झाडाएवढे वर गेले आणि वाऱ्याबरोबर सरकत राहिले. आमच्या बोर्डाला जीपीएस नाही, जागेवर धरून ठेवायचे काम बोटांनाच.

कॅमेरा खाली बांधला तर चित्र पाण्यातल्यासारखे हलायचे. तो मोटरींचा थरथराट. पंखे तोलून हलक्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला, कॅमेऱ्याखाली रबराच्या गुंड्या घातल्या, तेव्हा चित्र बसले.

कायद्याचेही सांगून ठेवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा तो 'नॅनो'. आमचा किलोभर भरतो, म्हणून 'मायक्रो'. त्याला नोंदणी क्रमांक लागतो, पण हौसेपुरता उडवायला चालकाचा परवाना लागत नाही. सरकारी नकाशावर हिरवा दाखवलेल्या भागातच, चारशे फुटांच्या आत उडवायचा.

शेजाऱ्यांना न विचारता एकदा गल्लीवरून नेला, तर समोरच्या आजींनी दार धाडकन लावून घेतले. त्यांचे बरोबरच होते. उघड्यावर अंघोळ करणाऱ्या घरांवरून कॅमेरा फिरवतात का? आता आधी घरोघर सांगूनच उडवतो.

मे महिन्यात त्याच आजींनी निरोप धाडला. त्यांच्या स्लॅबवर जिना नाही, दर पावसात भिंत झिरपते. थोरल्याने चार मिनिटांत चित्र काढून आणले. पन्हाळीच्या तोंडाशी पिंपळाचे रोप उगवलेले आणि तिथून हातभर भेग. गवंडी शिडी लावून वर गेला तो सरळ त्या भेगेपाशीच. पावसाआधी आणखी तीन घरांनी बोलावले. एकाने शंभर रुपये दिले, दोघांनी चहा पाजला.

आमच्या मागच्या खोलीचे प्लास्टर अजून व्हायचे आहे.