इंजिनाची कुरकुर

मुलांनो, सकाळी शाळेत जाताना एखादी जुनी मालमोटार सुरू होताना तुम्ही पाहिली असेल. इंजिन धडधडू लागते आणि त्याच वेळी 'चीं चीं' असा कर्कश आवाज येतो. थोड्या वेळाने तो आपोआप थांबतो आणि सगळे त्याला विसरून जातात. शहाणा चालक मात्र विसरत नाही. आजारी माणूस कण्हतो, तशी गाडीही आवाजाने आपले दुखणे सांगत असते, हे त्याला ठाऊक असते.

हा आवाज येतो कुठून? बोनेट उघडले की इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक काळा रबरी पट्टा दिसतो. त्याला फॅन बेल्ट म्हणतात. इंजिन फिरले की हा पट्टा फिरतो आणि आपल्याबरोबर इतर चाके, म्हणजे पुली, फिरवतो. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये एका पुलीवर पंखा आणि पाण्याचा पंप असतो. पंप इंजिनाभोवती पाणी खेळवतो, त्यामुळे इंजिन थंड राहते. दुसऱ्या पुलीवर अल्टरनेटर असतो. तो वीज तयार करून बॅटरी भरतो. एवढी मोठी कामे एका साध्या पट्ट्यावर अवलंबून असतात!

आता आवाजाचे कारण पाहू. फळ्यावर खडू आडवा धरून ओढला, की कधी कधी अंगावर काटा आणणारा आवाज येतो. खडू क्षणभर चिकटतो, मग घसरतो, पुन्हा चिकटतो. हे इतक्या वेगाने घडते, की खडू थरथरतो आणि आवाज होतो. सैल पट्टाही पुलीवर असाच चिकटतो आणि घसरतो. विज्ञानाच्या तासाला तुम्ही घर्षण शिकलात, त्याचाच हा खेळ आहे. गाडी सुरू करताना बॅटरीतील वीज खर्च होते. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर जास्त भार पडतो. म्हणून सैल पट्टा सुरुवातीला जास्त ओरडतो. रात्री मोठे दिवे लावल्यावर आवाज वाढला, तरी संशय पट्ट्यावरच घ्यावा.

पण केवळ संशयावरून पट्टा बदलणे योग्य नाही. चांगला मिस्त्री आधी परीक्षा करतो, मग इलाज. इंजिन चालू असताना तो दूर उभा राहून पट्ट्यावर पाण्याचे थोडे थेंब उडवतो. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे. आवाज थोडा वेळ थांबून पुन्हा आला, तर पुली एका रेषेत नसाव्यात. काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा बेअरिंगमध्ये असतो.

यानंतर तो इंजिन बंद करतो, किल्ली काढून खिशात ठेवतो आणि मगच हात आत घालतो. पट्ट्याचा मधला भाग तो अंगठ्याने दाबून पाहतो. साधारणपणे तो १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. नक्की माप त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील किंवा त्याला चिरा पडल्या असतील, तर तो बदलावा लागतो. मग पट्टा उतरवून तो प्रत्येक पुली हाताने फिरवतो. खरखर जाणवली किंवा पुली डगमगली, तर बेअरिंग झिजले आहे. पंपाखालच्या लहान छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर पंपच दुरुस्त करायला हवा.

पट्टा नुसता सैल असेल, तर दुरुस्ती सोपी आहे. अल्टरनेटरचे बोल्ट पान्याने ढिले करायचे, त्याला बाहेरच्या बाजूला ओढून पट्टा ताणायचा आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळायचे. मात्र पट्टा फार ताणू नये, नाहीतर बेअरिंग लवकर झिजते. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो. म्हणून काही दिवसांनी त्याचा ताण पुन्हा तपासावा. आवाज बंद व्हावा म्हणून काही जण पट्ट्याला तेल किंवा साबण लावतात. हे चुकीचे आहे. आवाज थोडा वेळ थांबतो, पण पट्टा अधिक घसरतो आणि तेलाने रबर खराब होते. रोग्याचे तोंड बंद केल्याने रोग बरा होत नाही!

या लहानशा आवाजाकडे दुर्लक्ष केले तर काय होईल? समजा, भरलेला ट्रक भिवंडीहून मालेगावला निघाला आहे. कसारा घाटात चढावर पट्टा तुटला. पंखा थांबला, पंप थांबला. काही मिनिटांतच पाणी उकळू लागते. चालकाने वेळीच गाडी थांबवली नाही, तर इंजिन जळते. पट्टा थोड्या पैशांत मिळतो, पण इंजिनाच्या दुरुस्तीत महिन्यांची कमाई जाते. घाटात बंद पडलेली गाडी इतरांच्याही जिवाला धोका असते.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींचे वडील, चाचा किंवा भाऊ गाडी चालवत असतील, गॅरेजमध्ये काम करत असतील. त्यांच्याकडून ही विद्या जरूर शिका; पण काही गोष्टी कायम लक्षात ठेवा. चालू इंजिनात हात घालू नका. सैल बाही, रुमाल, ओढणी पट्ट्याजवळ नेऊ नका. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी उसळून अंगावर येते.

आजच्या अनेक नव्या गाड्यांत चपटा, खाचांचा पट्टा असतो आणि त्याचा ताण आपोआप राखला जातो. तरीही नियम तोच आहे : आधी नीट ऐका, मग कारण शोधा आणि शेवटी पाना हातात घ्या.