शिरक्याची परीक्षा

काही रोग दरोडेखोराप्रमाणे येतात. पटकी किंवा प्लेग घरात शिरला म्हणजे एका रात्रीत आकांत होतो, आणि शेजारीपाजारीही जागे होतात. काही रोगांची रीत मात्र वाळवीची असते. दार बाहेरून शाबूत दिसते, रंगही उडालेला नसतो. पण बोट लावावे तो आतील लाकूड भुसभुशीत झालेले आढळते. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशी होणारा कर्करोग या दुसऱ्या जातीचा आहे.

शाळेच्या वार्षिकात असा विषय कशास, असे कित्येक पालकांस वाटेल. आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. ज्या वयाच्या स्त्रियांस हा रोग गाठतो त्या वयाच्या आमच्या विद्यार्थ्यांच्या माता आहेत. आणि तो टाळण्याचा पहिला उपाय ज्या वयात करावयाचा, त्या वयाच्या आमच्या विद्यार्थिनी आहेत. यास्तव संकोच बाजूस ठेवून चार गोष्टी स्पष्टपणे सांगणेच आम्हांस योग्य वाटते.

या रोगाचे मूळ एका सूक्ष्म विषाणूत आहे. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने या कर्करोगाच्या पेशींत तो दाखवून दिला, व त्याबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आढळणारा आहे, की पुष्कळ स्त्रीपुरुषांस तो आयुष्यात केव्हा तरी लागतोच. म्हणून ज्या स्त्रीस हा रोग झाला तिच्या शीलाविषयी कुजबुज करणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय क्रौर्यही आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या ठिकाणी मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि तेथील पेशी हळूहळू बिघडू लागतात. या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. इतकी दीर्घ मुदत देणारा शत्रू विरळाच! परंतु या काळात काहीही दुखत-खुपत नाही, हीच यातली मेख आहे. अवेळी रक्तस्राव, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ही लक्षणे दिसू लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

या मधल्या काळात रोग ओळखण्याची एक रीत जॉर्ज पापानिकोलाऊ व त्यांचे सहकारी ट्राउट यांनी १९४३ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली होती. गर्भाशयमुखावरील पेशी खरवडून घ्यावयाच्या व सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाच्या. श्रीमंत देशांत तिने फार मोठे काम केले. पण तीस प्रयोगशाळा पाहिजे, पेशी ओळखणारे तज्ज्ञ पाहिजेत, आणि निकाल घेण्यास स्त्रीने पुन्हा येणे पाहिजे. मुंबईच्या झोपडवस्तीत राहणारी, सकाळी नळावर रांग लावून मग चार घरची धुणीभांडी उरकणारी बाई पुन्हा येईल काय, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर आपल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शोधले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे टाटांच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लालबागहून दादरकडे जाताना तिकडे नजर गेली की लोक आजही आवाज खाली आणतात. तेथे जाणे म्हणजे सारे संपले, अशी समजूत पडली आहे. वस्तुतः त्याच रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जे कार्य आरंभिले, ते निरोगी स्त्रियांस त्या दारापासून दूर ठेवण्याचेच होते.

त्यांचे साधन म्हणजे शिरका, ज्यास आपण व्हिनेगर म्हणतो. सुमारे ४ टक्के अम्लाचा हा द्रव कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखास लावावयाचा, मिनिटभर थांबावयाचे, आणि चांगल्या उजेडात पाहावयाचे. निरोगी भाग गुलाबी राहतो; बिघडलेल्या पेशींचा भाग काही वेळ पांढरा दिसतो. इतकेच! यंत्र नाही, आणि निकाल तेथल्या तेथे. मात्र पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. तो पुढील तपासणीचा इशारा आहे, आणि त्यांतील पुष्कळ डाग अखेरीस निरुपद्रवी ठरतात. धोक्याचा ठरला तरी प्रारंभी तेवढा भाग गोठवून वा काढून टाकता येतो.

ही परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, हे आमच्या विद्यार्थिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. निदान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस चार आठवड्यांचे शिक्षण देऊन हे काम सोपविले होते, आणि त्यांचे निदान तज्ज्ञांच्या निदानाशी पुष्कळ अंशी जुळले. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. बारा वर्षांनंतर, २०१३ साली, निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ने कमी झाले होते.

दुसऱ्या गटास मात्र आरोग्यविषयक माहिती देण्यात आली, तपासणी नाही. त्यांतील ज्या स्त्रिया दगावल्या त्यांचे काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. देशात त्या काळी अशी तपासणी सर्वत्र मिळतच नव्हती, हे उत्तर खरे आहे. तरी आक्षेप अगदीच पोकळ आहे असे आम्हांस म्हणवत नाही. एवढ्या किमतीने मिळालेले ज्ञान वापरावयाचे नाही, हे तर त्याहूनही वाईट.

या प्रयोगातील आणखी दोन आकडे आम्हांस त्या ३१हून अधिक बोलके वाटतात. वस्तीत येऊन तपासणारी बाई भेटली तेव्हा शंभरांतील ८९ स्त्रियांनी तपासणी करून घेतली. परंतु ज्यांस पुढील निदानासाठी बोलाविले, त्यांतील शंभरास सुमारे ७९च आल्या. उरलेल्या एकवीसजणी का आल्या नसतील? पोरांस कोण पाहील, मजुरी बुडेल, घरचे काय म्हणतील. कोणत्याही चाळीत कान दिला तर ही उत्तरे ऐकू येतात. बाईचे दुखणे आपल्याकडे घरातील शेवटचे काम असते. येथे दोष तिचा नाही. तिला एक दिवस मोकळा करून देणे हे पतीचे, सासूचे आणि मोठ्या मुलांचे काम आहे.

सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शनानुसार तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांनी ही परीक्षा दर पाच वर्षांनी करावयाची आहे. विषाणूचीच चाचणी याहून सूक्ष्म होय; त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या प्रयोगात अशा एका चाचणीनेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. परंतु ती महाग पडते. मातांनी यांपैकी कोणती परीक्षा आपणांस सोयीची, याची चौकशी जवळच्या सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात करावी.

मुलींसाठी लस आहे. ती विषाणू लागण्यापूर्वीच टोचावयाची असल्याने ९ ते १४ हे वय सर्वांत उत्तम मानतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली लस २०२३पासून मिळू लागली आहे. या रोगाच्या शंभरांतील सुमारे सत्तर प्रसंगांस कारण होणाऱ्या विषाणूच्या दोन जातींस ती आवरते, सर्व जातींस नव्हे. म्हणून आज लस टोचून घेतलेल्या मुलीसही तिशीनंतर ती मिनिटभराची परीक्षा चुकत नाही.