अपडेट करायचंच, पण आपल्या वेळेला



मागच्या भागानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न बडोद्याहून आला, इंदूरहून आला, हैदराबादहून आणि बेळगावहूनही आला. शब्द वेगळे, तक्रार एकच. "साहेब, काम चालू असताना संगणक मध्येच बंद होतो आणि पडद्यावर टक्के मोजत बसतो. हे अपडेट कायमचं बंद कसं करायचं?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो : कायमचं बंद करू नका. पण एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवणार नाही. कारण तुमची तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर इलाजही आहे.

फौजेत प्रत्येक युनिटमध्ये एक एमटीओ असतो, म्हणजे गाड्या सांभाळणारा अधिकारी. तरुणपणी मीही काही काळ ते काम केलं. मेंटेनन्स कुठल्याच गाडीला चुकत नाही. पण कॉन्व्हॉय निघायच्या सकाळी गाडी खोलून ठेवलेली सापडली, तर एमटीओची खैर नसते. कुठली गाडी कुठल्या दिवशी 'ऑफ रोड' ठेवायची ते त्यानं आधी ठरवायचं असतं. घरच्या संगणकाचे एमटीओ तुम्ही. एवढं धरून चला, पुढचं सोपं आहे.

आता कायमचं बंद का नको ते सांगतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक सापडले. ज्या भोकातून तो आत शिरत होता ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, निघालेलं होतं आणि फुकट होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते अडकले.

माझ्या एका कोर्समेटची गोष्ट त्याच वर्षाची, दिवाळीच्या सुमाराची. डोंगलचा डेटा संपतो म्हणून त्यानं वर्षभर आधी अपडेट पूर्ण बंद करून टाकलं होतं. एका सकाळी संगणक उघडला तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशांची मागणी. व्हायरस कुठल्या वाटेनं आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात त्याच्या लग्नापासूनचे, प्रत्येक पोस्टिंगचे स्कॅन केलेले फोटो होते. मूळ प्रिंट एका बदलीत पावसानं आधीच गेलेल्या. वहिनींना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्यानं पैसे दिले नाहीत, आणि फोटोही परत आले नाहीत.

म्हणून मी 'बंद करा' म्हणत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. अपडेट म्हणजे देवाचा प्रसाद नव्हे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं, १८०९ क्रमांकाचं. ते घेतलेल्या काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांतच ते मागे घेतलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा आणलं. ज्यांनी पहिल्या दिवशी उडी घेतली त्यांना फटका बसला. थोडं थांबलेल्यांना काहीच झालं नाही. तेव्हा वर्षभर थांबणं वाईट, आणि पहिल्याच दिवशी पुढे पळणंही शहाणपणाचं नाही. आठ-दहा दिवस थांबणं हा मधला मार्ग, आणि मी स्वतः तोच पाळतो.

याला एक वेळापत्रकाचा आधार आहे. विंडोजची सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे सरकतं म्हणून हा फरक. त्यामुळे बुधवारी सकाळी संगणक कुरकुरू लागला तर आश्चर्य नको. याशिवाय वर्षातून एकदा मोठं अपडेट येतं, ते काही जीबीचं असू शकतं.

आता हात चालवू. सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेट मध्ये जा. विंडोज १० असेल तर आधी 'अपडेट अँड सिक्युरिटी' दाबावं लागेल. तिथे 'पॉज अपडेट्स' आहे. त्यानं अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं, आणि हे होम आवृत्तीतही चालतं. मुदत संपली की पुन्हा पॉज करण्याआधी साचलेली अपडेट्स घ्यावी लागतात. मला हा नियम आवडतो. आपल्यासारख्या टाळाटाळ करणाऱ्यांना ओळखूनच तो केलेला दिसतो. दुसऱ्या मंगळवारच्या आधी मी पॉज दाबतो. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी नाश्ता झाला की 'रिझ्यूम' दाबतो आणि पेपर वाचत बसतो. त्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेलेल्या असतात. ती डिस्क नंतर काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

त्याच पानावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' आहेत. या तासांत संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. मी सकाळी सहा ते रात्री बारा ठेवलेत. जवळच रीस्टार्टची गरज असेल तेव्हा सूचना देण्याचं बटण आहे, तेही चालू करा. मात्र रात्री झोपताना अर्धवट पत्र सेव्ह न करता उघडं टाकून जाऊ नका. रात्री बारानंतर पहारा उठलेला असतो.

आता डेटा. आपल्यातले बरेच जण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतात. दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक, आणि त्यातलं सगळं अपडेटनं खाल्लं की नातवाशी व्हिडिओ कॉल बंद. यावर 'मीटर्ड कनेक्शन' हा उपाय आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपल्या वायफायचे प्रॉपर्टीज, आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू. मग या जोडणीवरून बहुतेक अपडेट्स आपोआप उतरत नाहीत. घरी ब्रॉडबँड आणि प्रवासात हॉटस्पॉट असं असेल तर फक्त हॉटस्पॉटला ही खूण करा. दोन्हींची सेटिंग वेगळी राहते. आणि 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद करा. उतरवलेलं अपडेट तुमच्या डेटावरून इतरांच्या संगणकांना पुरवण्याची ती सोय आहे. परोपकार चांगला, पण पॅक मर्यादित आहे.

ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे त्यांना आणखी एक अधिकार मिळतो. आपली आवृत्ती सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे दिसते. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत जी पी ई डी आय टी, मग टिंब, मग एम एस सी असं टाइप करा. ग्रुप पॉलिसीची खिडकी उघडेल. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, विंडोज अपडेट या वाटेनं जाऊन 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' शोधा, 'एनेबल्ड' करा आणि दुसरा पर्याय निवडा. मग संगणक उतरवण्याआधीच विचारतो. विचारल्यावर उत्तर देणं हे मात्र तुमचं काम. होम आवृत्तीत ही खिडकी नाही. ती बसवून देणारी चोरटी साधनं नेटवर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तसंच 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन विंडोज अपडेट सेवा बंद करण्याची युक्ती. पुष्कळांनी ती पाठवली आहे. मीही २०१९ मध्ये करून पाहिली. काही दिवसांनी बघतो तर सेवा पुन्हा चालू! विंडोजमध्ये 'अपडेट मेडिक' नावाचा एक शिपाई ठेवलेला आहे. त्याचं कामच पडलेल्या अपडेट सेवेला उठवून उभं करणं. त्याला मारायला निघालात तर रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, आणि तिथे चूक झाली तर संगणक सुरूच न होण्याची पाळी येते. एवढ्या खटपटीपेक्षा पॉज बरा.

प्रिंटर किंवा स्कॅनर अपडेटनंतर रुसला, तर तो बहुधा ड्रायव्हरचा घोळ असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' बघा. पूर्ण अपडेटच त्रास देत असेल तर 'अपडेट हिस्टरी' मधून ते काढता येतं. वर्षाच्या मोठ्या अपडेटवरून मागे फिरायला साधारण दहा दिवसांची मुदत असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळं तपासून घ्या : प्रिंटर, कॅमेरा, बँकेचं काम.

दोन खबरदाऱ्या. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस हवा. टक्के अर्धा तास हलले नाहीत तरी घाईनं बटण दाबून बंद करू नका. आणि तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. काही अपडेट्सनंतर संगणक ती मागून बसल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि तेव्हा ती त्याच संगणकात ठेवलेली असून उपयोग नसतो.

१९ जुलै २०२४ ला विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, ते विंडोज अपडेटमुळे झालं असं अनेकांनी लिहिलंय. ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट होतं, जगात सुमारे ८५ लाख संगणक त्यात बसले. ते मुख्यतः कंपन्यांमध्ये वापरलं जातं. वर सांगितलेल्या सेटिंग्जचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिले विंडोज १० वाले. त्याची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट्स घेण्याची सोय आहे; विंडोज अपडेटच्या पानावरच 'एनरोल' चं बटण दिसतं का ते आज बघून घ्या. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप कसा घ्यायचा ते पुढच्या भागात दाखवतो. डिस्क घेऊन ठेवा.

जय हिंद.