धनुर्वाताची सुई व तिची तारीख

कोल्हापुराहून निपाणीकडे जातांना कागलजवळ जी पंचतारांकित एमआयडीसी लागते, तेथील फौंड्र्यांत व यंत्रकामाच्या कारखान्यांत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील काम करितात. पत्र्यानें बोट कापलें किंवा पायांत खिळा गेला, कीं दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताची सुई टोंचून घ्यावयाची, ही सर्वत्र रूढ झालेली रीत. दवाखान्यांत जाणें योग्यच; परंतु दर ओरखड्यास एक सुई हा हिशेब मात्र आम्हांस मान्य नाहीं.

धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत असतात. लोक गंजास दोष देतात, तो व्यर्थ होय. जेथें हवा पोंचत नाहीं अशा खोल जखमेंत हे जंतु वाढून विष निर्माण करितात, व लस त्या विषाशीं झुंजण्यास शरीर आधींच तयार करून ठेविते. ज्यानें पूर्वीं तीन मात्रा पुऱ्या घेतल्या आहेत, त्याची ही तयारी वर्षानुवर्षें टिकते. म्हणून जखम लहान व स्वच्छ असून शेवटच्या मात्रेस दहा वर्षें झालीं नसतील, तर नव्या सुईचें कारण नाहीं. मळकट किंवा खोल जखमेस हीच मर्यादा पांच वर्षांची. त्याहून वारंवार टोंचून घेणाऱ्याच्या रक्तांत प्रतिकारक द्रव्यें अगोदरच विपुल असतात. तीं नव्या लशीवर तुटून पडतात, आणि कधीं कधीं खांद्यापासून कोपरापर्यंत दंड सुजून ठणकूं लागतो.

याच्या उलट, ज्याच्या मात्रा कधींच पुऱ्या झाल्या नाहींत, त्याच्या मळकट जखमेस नुसती लस पुरत नाहीं, कारण तिचा गुण येण्यास दिवस लागतात. त्यास तयार प्रतिकारक द्रव्यहि टोंचावें लागतें. डॉक्टरांनीं हें ठरवावें कसें? शेवटची तारीख कळल्यावांचून इलाज नाहीं. मुलांस दहाव्या व सोळाव्या वर्षीं ही लस घटसर्पाच्या लशीसह देतात. तीहि तारीख लिहून ठेवावी.

इतर लशींबाबत खरी हरकत थोड्यांसच असते. पूर्वीच्या मात्रेनंतर लागलीच धाप लागली, तोंड सुजलें, अंगावर गांधी उठल्या, तर तीच लस पुन्हां घेऊं नये. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. त्या लशींतील विषाणु दुर्बल केलेले, परंतु जिवंत असतात. म्हणून कर्करोगाच्या औषधांनीं ज्यांची प्रतिकारशक्ति खचली आहे त्यांस, व गर्भवती स्त्रियांस ती देत नाहींत. धनुर्वाताची लस मात्र गर्भवतीस मुद्दाम देतात! सणसणून ताप असल्यास दिवस पुढें ढकलावा. साध्या पडशाची सबब आम्ही ऐकणार नाहीं. टोंचल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें, कारण जिवावरची वावडी बहुधा तेवढ्या वेळांतच दिसून येते.

पिसाळलेलें कुत्रें चावलें असतां मात्र ताप, गर्भारपण किंवा कोंवळें वय यांपैकीं कांहींच आड येत नाहीं. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं लस टोंचून घ्यावी. त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं रोगी बहुधा हातीं लागत नाहीं.