0.35 मोठे की 0.5?

0.35 आणि 0.5 यांपैकी मोठी संख्या कोणती, हे पाचवीच्या मुलांना विचारून बघा. बरीच मुलं 0.35 म्हणतात. का, तर "35 हे 5 पेक्षा मोठे ना!" यात निष्काळजीपणा नाही. पूर्ण संख्यांचा जो नियम आजवर बरोबर ठरला, तोच मूल इथे लावतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या भाषेत हे सात्मीकरण, म्हणजे नवा अनुभव जुन्या चौकटीत बसवणे. चौकट अपुरी पडली की तीच बदलावी लागते. ते समायोजन. डी.एड.ला आपण हे पाठ केलंय!

तरीही मी कित्येक वर्षं फुली मारून "पुढे शून्य लावा" एवढंच सांगत होते. उत्तर बरोबर यायचं, आठवड्याने पुन्हा तेच. एका मुलीने तर हात वर करणंच सोडलं. तेव्हा मी चपापले.

मग मीटरपट्टी घेतली. मीटरचे 10 समान भाग, त्यांतले 5 म्हणजे 0.5 मीटर, 50 सेंमी. 0.35 मीटर म्हणजे 35 सेंमी. मुलांनी तेवढ्या सुतळ्या कापून शेजारी ठेवल्या. "बाई, असं कसं?" त्याच मुलीने विचारलं. हा गोंधळ होऊ द्या, लगेच उत्तर सांगू नका. जुनी चौकट इथेच हलते.

घरीही चूक दिसली, की खोडण्याआधी एकदा विचारा, "तुला असं का वाटलं?" त्या उत्तराने माझी शिकवण्याची पद्धत बदलली.