‘मिठाचा रेणू’ : एका संज्ञेची मर्यादा

‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्याविषयी शंका घेणे हा पंडिती हट्ट वाटावा. वस्तुतः घन मिठात रेणू नसतोच. डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तीत प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात व प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम. कोणता कोणाचा जोडीदार, या प्रश्नास अर्थच उरत नाही. रासायनिक सूत्र येथे केवळ एकास एक हे प्रमाण सांगते. रसायनज्ञांनाही हे सहजी पचले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध इंग्रज रसायनज्ञाने १९२७ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची मनसोक्त टवाळी केली होती. (हिंदीत ‘अणु’ म्हणजे मराठीतील रेणू, हा घोटाळा आणखी निराळाच.)

दुसरी गल्लत क्रियापदाची. सोडियम इलेक्ट्रॉन ‘देतो’ आणि क्लोरीन तो ‘घेतो’ असे म्हटले की व्यवहार तेथेच लाभात आटोपला असे वाटते. आकडे निराळे सांगतात. वायुरूप सोडियम अणूंच्या एका मोलातून इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा लागते. क्लोरीनचे अणू ते स्वीकारतात तेव्हा ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे १४७ किलोजूलांची तूटच! ती भरून निघते ती विरुद्ध प्रभारांचे आयन स्फटिकात रचले जाताना. त्या वेळी सुमारे ७८७ किलोजूल मुक्त होतात. सोडियम धातूचे बाष्प करणे व क्लोरीनचे रेणू फोडणे यांचा खर्च वजा जाताही सुमारे ४११ किलोजूल शिल्लक राहतात. आयनिक बंधाचे बळ या सामूहिक आकर्षणात आहे.

गुणधर्मांचा उलगडाही त्यातूनच होतो. मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण सबंध रचनाच सैल व्हावी लागते. दुप्पट प्रभारांच्या मॅग्नेशियम ऑक्साइडला सुमारे २८०० अंश लागतात. आघाताने एक थर किंचित सरकला की समान प्रभार समोरासमोर येतात व खडा दुभंगतो. पाण्यात आयनांमधील आकर्षण सुमारे ऐंशीपटींनी क्षीण होते आणि पाण्याचे रेणू आयनांना वेढून घेतात, म्हणून मीठ विरघळते. मात्र आयनिक तेवढे विद्राव्य हा नियम खरा नव्हे. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने योजला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘जाणे’. गंमत अशी की घन मिठातील आयन कोठेही जात नाहीत, जागीच कंप पावतात; म्हणूनच घन मीठ विद्युत्-वाहक नसते. वितळल्यावर वा विरघळल्यावर मात्र ते नावाप्रमाणे चालू लागतात. आणि मीठ उकळून त्याचे बाष्प केले, तर त्यात एक सोडियम व एक क्लोरीन यांच्या स्वतंत्र जोड्या आढळतात, क्वचित दोन जोड्या एकत्रही. ‘मिठाचा रेणू’ ही संज्ञा तेथे अगदी यथार्थ ठरते.