लांब फेकीचं गणित दोरीत आहे

सामन मासा आपल्याकडे नाही. पण त्याच्या फ्लाय-फिशिंगसाठी घडवलेल्या लांब पल्ल्याच्या दोऱ्यांचं शास्त्र पिंपरी-चिंचवडला पाणी पुरवणाऱ्या पवना धरणाच्या रुंद जलाशयालाही लागू पडतं. फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा बनावट गळ, जवळपास बिनवजनी. फेकलं जातं ते दोरीचंच वजन. आठ नंबरच्या दोरीचे पुढचे ९.१४ मीटर साधारण १३.६ ग्रॅम भरतात. शूटिंग हेडमध्ये, म्हणजे दोरीच्या आखूड, जड पुढच्या तुकड्यात, वजन असं पुढे एकवटतं आणि मागची बारीक रनिंग लाइन रॉडच्या कड्यांतून सहज सुटते. मात्र ही बारीक दोरी टोकाच्या कड्याबाहेर फार काढली, तर रॉडचा जोर पुढे पोचत नाही आणि लूप (हवेत उलगडणारा दोरीचा वळसा) कोसळतो.

‘दणकून जोर लावा’ हा सल्ला मला पटत नाही. अवेळी जोर लावला की रॉडचं टोक सरळ रेषा सोडतं, लूप रुंदावतो आणि हवा त्याला अडवते. शूटिंग हेडवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे: आखूड, जड हेड पाण्यावर धपकन आपटतं आणि मासे बुजतात. मान्य! त्यावर पुढचा निमुळता भाग लांब असलेलं हेड घ्यावं, थोडं अंतर गेलं तरी चालेल. मागे झाडी असेल तर स्कॉटलंडच्या स्पे नदीवरची फेक बरी. तिच्यात दोरी मागे पूर्ण उलगडावी लागत नाही. (देहूच्या डोहात मात्र यातलं काहीच नको, तिथले मासे भाविकांनी जपलेत.)